कॅलिपर काठावर ठेवून: नांदेडच्या वॉटर पार्कात एक दिवस

मराठवाड्यातली बहुतेक प्रेक्षणीय ठिकाणं मी पाहिलेली आहेत, पण खालून. किल्ला असेल तर दरवाजापर्यंत, लेणी असतील तर पहिल्या पायरीपर्यंत, डोंगरावरचा देव असेल तर नुसता कळस. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, तेव्हापासून उजव्या पायात जीव नाही. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी कॅलिपर आणि हातात कुबडी. आमच्या घरची रीत अशी, की गाडीतून उतरलं की सगळे आपापल्या पिशव्या, चपला, मोबाईल माझ्यापाशी ठेवतात आणि वर जातात. मी राखणीला. हे काम मी इतकं मन लावून करते, की आजवर एक रुमालही हरवलेला नाही.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांत माझ्यासारखे पाय असलेले बरेच आहेत. पाण्याच्या पार्कात आपल्याला काही करता येतं का, असं तुमच्यातल्या दोघीतिघींनी विचारलं होतं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आता आहे.

ठरलं ते भाचीमुळं. ऋतुजाची नववीची परीक्षा संपली की नांदेडजवळच्या पार्कात न्यायचं, असं दादानं कबूल केलं होतं. दादा म्हणजे बालाजीदादा, माझा थोरला भाऊ. मुरुडला आम्ही एकाच घरात राहतो, मी तिथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात लिपिक आहे. ‘मीबी येते’ म्हटल्यावर दादा लगेच ‘हाव, चल की’ म्हणाला. गाडीतली पुढची जागा माझीच असते, त्यामुळं वादाचा प्रश्न नव्हता.

पण मी का येतेय हे मी कुणालाच सांगितलं नाही. लहानपणी एका डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, हिला पाण्यात सोडत जा, पाण्यात पाय हलका होतो. आमच्याकडं पाणी म्हणजे विहीर, आणि विहिरीला पायऱ्या. ते राहून गेलं ते राहूनच गेलं. सत्तेचाळीस वर्षांची झाले, तरी अंघोळीच्या बादलीपलीकडं माझ्या पायाला पाणी माहीत नाही. मला एकदा पाण्यात शिरायचं होतं, एवढंच. आठवडाभर आधी लातूरला गंजगोलाईच्या बाजारात जाऊन नायलॉनचा पूर्ण बाह्यांचा पोशाख घेतला, कारण अशा ठिकाणी सुती कपड्यानं पाण्यात उतरू देत नाहीत. दुकानदाराला सांगितलं, भाचीसाठी घेतेय. त्यानं एकदा माझ्या मापाकडं आणि एकदा पोशाखाच्या मापाकडं पाहिलं आणि गप्प बसला. भला माणूस.

एप्रिल संपत आला होता, म्हणून पहाटे साडेपाचलाच निघालो. मुरुड, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा सरळ रस्ता. चहापाणी धरून चार-साडेचार तास लागले. लोह्याच्या अलीकडं थोडा भाग उखडलेला आहे, बाकी रस्ता चांगला. आपल्यासारख्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे, अहमदपूरच्या पुढं एका ढाब्यावर कमोड आहे म्हणून मी गेले, तर त्याच्या दारातच गुडघाभर उंच पायरी आणि धरायला काही नाही. त्यापेक्षा लातूर सोडण्याआधी पेट्रोल पंपावर जाऊन या.

पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, हे पाटीवर वाचून वहिनींचा पारा चढला. भल्या पहाटे उठून त्यांनी धपाटे लाटले होते, सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. ‘धपाटे खाल्ल्यानं काय त्यांचं पाणी आटतंय का?’ त्या म्हणाल्या. मग पार्किंगमधल्या लिंबाखाली सतरंजी टाकून आम्ही सगळे धपाटे तिथंच संपवले. दादा तिकिटं काढायला गेला.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात मनगटाला बांधायचे चार कागदी पट्टे होते. तीन निळे, एक पिवळा. पिवळा माझा.

‘ह्यो नुसता बसायचा हाय,’ दादा म्हणाला. ‘म्हाताऱ्या मान्सासाठी असतो. तुला कशाला भरायचे पाण्याचे पैसे? मी इचारून आलोय, पंख्याखालचं बाकडं हाय. गार बसशील.’

त्याच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं, की बॅगेतल्या पोशाखाचं मी सांगितलंच नाही. उन्हात रांगेत उभं राहून त्यानं माझ्यासाठी पंखा शोधला होता. त्याच्यावर रागावणार तरी कशी? राग आला तो माझाच. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. मी आठ दिवस बॅगेत पोशाख लपवून बसले होते आणि त्यानं माझ्या मनातलं ओळखावं अशी वाट पाहत होते. मी मनगट पुढं केलं.

दारापाशी एकच चाकाची खुर्ची आहे, आधी फोन करून सांगितलं तर ठेवून देतात. मी चालतच गेले. बाकापर्यंतचा रस्ता सपाट आहे, पण फरशी ओली असते आणि कुबडीचं रबर झिजलेलं असेल तर जाऊच नका. बाकावर बसल्यावर नेहमीप्रमाणं माझ्या मांडीवर तीन मोबाईल, दादाचं घड्याळ आणि वहिनींनी रुमालात बांधलेलं मंगळसूत्र आलं. ऋतुजा ‘आत्या, येते गं’ म्हणत पळाली.

मी दीड तास बसले. पंखा खरंच चांगला होता. पण ऊन सरकत सरकत पायापर्यंत आलं आणि कॅलिपरचं लोखंड तापलं. पाय आखडून घ्यायची सोय नाही, म्हणून बाटलीतल्या पाण्यानं ओढणी भिजवून लोखंडी दांड्यांवर टाकली. समोर लाटांचा तलाव होता. थोड्या थोड्या वेळानं भोंगा वाजायचा, लाटा सुटायच्या आणि माणसं ओरडायची. सगळं दहा पावलांवर.

शेजारच्या बाकावर नऊवारीतली एक बाई होती, साठीची. तिच्याही मनगटाला पिवळा पट्टा, तिच्याही भोवती पिशव्या. बराच वेळ माझ्याकडं बघून ती म्हणाली, ‘बाई, तुम्हालाबी राखणीला बसवलं का?’

मला हसू आलं. ती हिमायतनगरची. दोन्ही गुडघे गेलेले, लेक-जावई-नातवंडं आत. ‘मला तं पाण्याचं लई भ्याव,’ ती म्हणाली. ‘मी आपली इथंच बरी. तुम्ही?’

आणि जे घरच्या कुणाला सांगितलं नव्हतं, ते मी या नाव-गाव नसलेल्या बाईला सांगून टाकलं. म्हणजे गाव होतं, नाव विचारायचं राहिलं. म्हटलं, मला पाण्यात जायचंय. कपडेसुद्धा आणलेत.

‘मंग बसून कामून राहिल्या?’

‘पिशव्या.’

‘अवो, मी हाय न्हवं? दोन घरच्या काय, दहा घरच्या संबाळीन. जावा.’

माझ्याकडं आता कारण उरलं नाही. कारण संपलं की भीती किती मोठी आहे ते कळतं. राखणीला बसणं मला नुसतं लादलेलं नव्हतं. तिथं मला कुणी पडताना पाहत नव्हतं, कुणी हात द्यायला धावत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा माझा पाय कापडाखाली आणि लोखंडाआड झाकलेला होता. घराबाहेर कॅलिपर मी कधी काढलेलाच नाही.

तरी उठले. मोबाईल, घड्याळ आणि मंगळसूत्राचा रुमाल त्या बाईच्या ओटीत ठेवला आणि खिडकीवर जाऊन वरचे पैसे भरून पिवळ्याचा निळा पट्टा करून घेतला. खिडकीवरच्या मुलीनं काही विचारलं नाही. पट्टा असा बदलून मिळतो, एवढं लक्षात ठेवा.

बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत कामाला गंगामणी होत्या, देगलूरकडच्या. त्यांनी माझा पाय पाहिला आणि फक्त एवढंच विचारलं, ‘अक्का, पट्टे मी सोडू का तुमी सोडता?’ मी सोडले, पोशाख चढवला. कातडी पट्टे भिजवून चालत नाहीत, म्हणून त्यांनी कॅलिपर कोरड्या टॉवेलात गुंडाळला आणि मला चाकाच्या खुर्चीत बसवून तलावाच्या काठापर्यंत आणलं. कॅलिपर तिथंच काठावरच्या एका बाकड्यावर ठेवला. पुढं खुर्ची न्यायची नाही असा नियम.

लाटांच्या तलावाला पायऱ्या नसतात, हे मला बसल्या बसल्या दिसलं होतं. नदीच्या काठासारखा उतार असतो. पण खुर्चीपासून पाण्यापर्यंत पंधरा-वीस हात ओली फरशी होती. कुबडी तिथं टिकली नसती.

‘दोघं गडी बोलावू का उचलायला?’ गंगामणींनी विचारलं.

उचलून नेलेलं मला नको होतं. घरी कॅलिपर काढल्यावर मी जशी जाते तशीच जाणार होते, बसून, हातांवर सरकत. चारशे माणसांसमोर. मी खुर्चीतून खाली उतरले आणि सरकायला लागले. एका बाईनं आपले पाय जवळ ओढून घेतले. कुणीतरी मागं ‘बिचारी’ म्हणालं, ते ऐकू आलं. चेहरा तापला. गंगामणी माझ्या बाजूनं चालत होत्या आणि हलक्या आवाजात म्हणत होत्या, ‘मेल्लगा, अक्का, मेल्लगा.’ हळूहळू, म्हणजे. त्यांच्याकडं तेलुगूत असंच म्हणतात.

मग हाताखाली पाणी आलं. मग मांडीवर, कमरेपर्यंत. गंगामणींनी ट्यूब दिली, ती काखेत धरली आणि आणखी पुढं सरकले, तर खालची फरशी सुटली. माझा उजवा पाय, ज्यानं जन्मात माझं कधी ऐकलं नाही, तो आपोआप वर आला. डाव्या पायाच्या शेजारी येऊन तरंगायला लागला. दोन्ही सारखेच हलत होते. मी रडले. पाण्यात रडण्याची सोय चांगली असते, कुणाला कळत नाही.

भोंगा वाजला, पहिली लाट नाकातोंडात गेली. दुसरी बरी गेली. तिसऱ्या लाटेवर दादा दिसला.

तो छातीभर पाण्यात उभा होता. माझ्याकडं बघत होता आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: ‘शैले, पिशव्या?’

‘हिमायतनगरच्या एका बाईपाशी हायत.’

‘कोण बाई?’

‘नाव न्हाई इचारलं.’

तो बाकांकडं वळून बघू लागला. मग त्याची नजर माझ्या पायावर आली. पाणी नितळ होतं. तेवढ्यात आणखी एक लाट आली आणि त्यानं माझा दंड असा घट्ट पकडला की दुखलं.

‘सोड,’ मी म्हटलं. ‘ट्यूब हाय.’

‘बुडशील.’

‘सोड, दादा. न्हाई बुडत.’

त्यानं सोडला. पण हात पाण्यावर तसाच धरून उभा राहिला. लाटा थांबल्यावर म्हणाला, ‘मला सांगितलं कामून न्हाईस? मीच काढलं असतं की तिकीट.’

‘तू इचारलं न्हाईस. अन मीबी बोलले न्हाई. दोघंबी तसलेच.’

पाऊण तास मी पाण्यात होते आणि तो माझ्यापासून दोन हातांवर. मग ऋतुजाला मी दिसले, आणि ती पळत आली. वहिनी मात्र तडक बाकाकडं गेल्या. त्यांनी रुमाल सोडून पाहिला. सगळं होतं. हिमायतनगरची बाई फक्त एवढंच म्हणाली, ‘फोन लई वाजून राहिला तुमचा. मी काई उचलला न्हाई.’

बाहेर येणं आत जाण्यापेक्षा अवघड आहे, ते धरून चाला. चढावर उलटं बसून सरकावं लागतं आणि दंड भरून येतात. घसरगुंड्यांच्या वाटेला जाऊ नका, सगळीकडं तीन मजले जिने आहेत. आकाशपाळण्यात कॅलिपरसकट बसता येतं, पाळणा थांबवून धरा असं आधी सांगायचं. आणि माझी एक चूक करू नका. पाय नीट कोरडा न करता मी कॅलिपर चढवला, त्यानं लोह्यापर्यंत मांडीला फोड आले. पावडर आणि कोरडा मोजा सोबत ठेवा.

चारला निघून दिवेलागणीनंतर तासाभरात घरी पोचलो. गाडीत दादा गप्प होता, मीही. गप्प बसायची आमच्यात जुनी सवय, त्यामुळं वहिनींना काही वेगळं वाटलं नाही.

आता आठवडा झाला. फोड बरे झालेत. काय उरलं म्हणाल, तर पाय तरंगला ते उरलं, त्यात शंका नाही. पण त्याहून जास्त मला काल संध्याकाळचं आठवतंय. मी ओसरीवर पेपर वाचत होते. दादा आला, समोर बसला आणि म्हणाला, ‘शैले, मेमध्ये चार दिवस मोकळे हायत. तुला कुठं जायचंय?’

मी पेपर खाली ठेवला. एवढी वर्षं मी सगळ्यांबरोबर कुठंकुठं गेले, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. एकही नाव सुचेना.

‘ठाव न्हाई,’ मी म्हणाले.

‘उद्या सांग, परवा सांग,’ दादा म्हणाला. ‘पर सांग.’