आक्कांची फरशी

"गच्चीवर काय पडलंय?"

कुणाच्याही फाटकातून आत शिरताना आक्कांचा पहिला प्रश्न हाच. कसे आहात, पोरं काय करतात, हे सगळं त्यानंतर. एक हात दुखऱ्या गुडघ्यावर आणि दुसरा कपाळावर आडवा धरून त्या कठड्याकडे बघायच्या.

तुमच्याही गच्चीवर असेल काहीतरी. घर बांधताना उरलेली फरशी कुणी टाकून देत नाही. 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून ती पाण्याच्या टाकीमागे उभी करून ठेवतात आणि मग वीस वर्षं तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आक्का बघायच्या. त्यांचं सगळं आयुष्य फरशीतच गेलं होतं. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, फरशीचे मिस्त्री आणि आक्का त्यांच्या हाताखाली. डोक्यावरून फरशी वाहायची, माल कालवायचा, सांधे भरायचे. मालक वारल्यावर त्या गारखेड्यात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्यांत एकट्याच राहत होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला 'जय भीम' घालायच्या, आणि हाताला काम नसलं की बेचैन व्हायच्या.

आधीच कबूल करून टाकतो. मी त्यांच्यावर जळायचो. चांगला शिकलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस एका थकलेल्या बिगारी बाईवर जळतो हे सांगायला लाज वाटते, पण तसंच होतं.

आमची गल्ली पन्नासेक घरांची. एका टोकाला चौक, तिथं दूध, भाजी, रिक्षा. दुसऱ्या टोकाला शाळा. चालत तीन मिनिटं लागतात. पण चालत कुणी जायचं नाही. रस्त्याच्या कडेला मातीचा पट्टा, त्यात खड्डे, विटांचे तुकडे आणि उभ्या केलेल्या गाड्या. चालायचं तर रस्त्याच्या मधून, मागून हॉर्न ऐकत. म्हणून लोक कोथिंबिरीच्या जुडीसाठीही स्कूटी काढायचे, आणि त्या स्कूट्यांमुळे उरलेल्यांनाही चालता यायचं नाही. आमच्या समोरचे मास्तर, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. एकदा मोटरसायकलचा धक्का लागून पडले आणि घराबाहेर पडायचेच बंद झाले. फाटकात खुर्ची टाकून बसायचे.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. तीस वर्षं रेघा माझ्या आणि सही साहेबांची. निदान आपल्या गल्लीचा नकाशा तरी आपल्या नावाचा असावा, असं मला फार वाटायचं. दोन महिने खपून तो काढला. गल्लीच्या एका अंगानं चार फुटी फुटपाथ, झाडांच्या जागी हिरवी वर्तुळं, दोन बाक आणि चालणारी छोटी छोटी माणसं. कोपऱ्यात माझं नाव. कॉलनीच्या बैठकीत सगळ्यांनी वाहवा केली, चहा-बिस्किटं झाली, नकाशा सभागृहाबाहेरच्या काचेच्या फळ्यात लागला. वरती अर्ज गेला, आणि अर्जाचं जे होतं ते झालं. तीन वर्षं माझी माणसं काचेतच चालत राहिली.

मग एका सकाळी ऑफिसला निघालो, तर आक्का आपल्या दारापुढं बसून तीन शहाबादी फरश्या बसवत होत्या.

"काय चाललंय, आक्का?"

"काय नाय, साहेब. मास्तरला चहाला चौकापत्तूर जाऊ वाटतंय म्हनं. दारात बसून बसून मानूस मरंल की."

"अहो, पण तीन फरश्यांनी काय होणार?"

"तीन फरश्यांइतकं व्हईल."

मला साहेब म्हणणाऱ्या त्या जगात एकट्याच. ऑफिसातला शिपाईसुद्धा मला नावानं हाक मारतो.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरोघरी फिरायला लागल्या. एका घरानं न्हाणीघराची गुलाबी फरशी दिली, एकानं स्वयंपाकाच्या ओट्याचा काळा कडप्पा, कुणी ठिपक्याठिपक्यांच्या जुन्या मोझॅकचे तुकडे. गुळगुळीत फरशी आली की आक्का छिन्नी-हातोडीनं टोचून टोचून तिला खरखरीत करायच्या, म्हणजे पाय घसरू नये. ज्याच्या दारापुढं काम, त्याच्याकडं सिमेंट आणि दुपारची भाकरी, असा त्यांचा नेम. आणि गाडी आड आली की मालकाला बिनदिक्कत हाक.

"घ्या की दोन हात मागं. तिला काय उनाची सवय नाय व्हय?"

मी तीन वर्षं ज्या लोकांना पत्रकं वाटली, तेच लोक आक्कांसाठी स्वतः गच्चीवरून फरश्या उतरवत होते. माझ्या पोटात दुखायला लागलं. मी घरात म्हणालो, "हा काय फुटपाथ आहे? गोधडी आहे नुसती." बायको म्हणाली, "गोधडी वाईट असते का?"

एक दिवस त्या आमच्या फाटकात आल्या.

"गच्चीवर काय पडलंय, साहेब?"

"काही नाही," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. आक्कांनी वर कठड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बरं. नसल तर नसल," म्हणाल्या आणि शेजारच्या घरात गेल्या.

त्यांची पाठ वळल्यावर बायको म्हणाली, "आपल्या घराची फरशी कुणी बसवली होती, विसरलात? बावीस कोटा फरश्या उरल्या होत्या. त्या आक्कांनीच डोक्यावरून वर नेल्यात."

मी खरंच विसरलो होतो. पण आठवल्यावरही मी त्या खाली आणल्या नाहीत, हेही खरं.

फुटपाथ आमच्या घरापर्यंत आला, आमचं घर सोडून पुढं गेला. मध्ये आमच्या दारापुरती माती. लोक तिथं खाली उतरायचे, पुन्हा वर चढायचे आणि मागच्याला सांगायचे, "ड्राफ्ट्समनच्या दारापाशी जपून." चालण्याचा नकाशा काढणाऱ्या माणसाच्या दारापाशीच लोकांना जपून चालावं लागत होतं, आणि तरी मला राग आक्कांचा यायचा.

त्या रागात मी एक गोष्ट केली. वॉर्डाच्या ऑफिसला निनावी अर्ज दिला. विषय: अशास्त्रीय फरशीकाम व त्यापासून होणारा धोका. खाली 'एक जागरूक नागरिक'. कोणाला कळू नये म्हणून मी तो टाइप करून घेतला नाही, कारण टाइप करणारा आमच्याच गल्लीतला होता. स्वच्छ कागदावर, पेन्सिलीच्या दोन बारीक रेघा आखून, त्या रेघांमध्ये अक्षर बसवून लिहिला. तीस वर्षांची सवय. दुसरं अक्षर मला येतच नाही, हे मला अर्ज देऊन झाल्यावरसुद्धा सुचलं नाही.

आठ-दहा दिवसांनी तिथला माणूस हातात तो अर्ज घेऊन आला. गल्ली गोळा झाली. मीही गेलो, मागं उभा राहिलो.

"हे काम कुणाच्या सांगण्यावरून केलं? याला काही नकाशा आहे का?" त्यानं विचारलं.

"हाय की," आक्का म्हणाल्या. "ह्या साहेबांचा. तितं काचंत लावलाय. म्या नुसती मजूर."

सगळे सभागृहापाशी गेलो. तो माणूस नकाशा वाचत होता आणि आक्का हातातली काठी दाखवत होत्या. काठीवर चार फुटांची खूण होती. पहिल्याच दिवशी त्यांनी शाळेच्या एका पोराकडून नकाशा वाचून घेतला होता आणि खूण केली होती. जिथं मी हिरवी वर्तुळं काढली होती, तिथं त्यांनी फरशी न बसवता माती मोकळी सोडली होती. बाकांची जागासुद्धा राखली होती. दीड महिना मी त्या फुटपाथवर रोज नाक मुरडत होतो, आणि तो माझाच नकाशा आहे हे मला दिसलं नव्हतं.

त्या माणसानं टेपनं दोन-चार ठिकाणी मोजलं. मग अर्ज नकाशाशेजारी, काचेला लावून धरला. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. मग माझ्याकडं बघितलं. "पाणी साचू देऊ नका म्हणजे झालं," म्हणाला आणि अर्ज खिशात घालून गेला.

गर्दी पांगली. आक्का माझ्याजवळ आल्या.

"अक्षर लई सुबक हाय, साहेब, तुमचं. दोनी कागदावर."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला भांडता तरी आलं असतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो, तर बायकोनं शेजारणींना हाताशी घेऊन बावीसही फरश्या खाली उतरवल्या होत्या आणि आक्का शेवटचा सांधा भरून हात धूत होत्या. मी आत जाऊन चहा ठेवला. तो त्यांना जरा जास्तच गोड झाला होता, पण त्यांनी पूर्ण प्यायला.

तुम्हाला वाटेल, इथं माझं जळणं संपलं असेल. उलट वाढलं. मास्तर रोज सकाळी काठी टेकत चौकापर्यंत जायला लागले आणि भेटेल त्याला सांगायचे, "अब मैं अकेला जाता. आक्कानं रस्ता दिला मेरे को." स्कूट्या दारात उभ्या राहायला लागल्या. संध्याकाळी बायका जोडीजोडीनं फिरायच्या, माझी बायको आक्कांबरोबर. ज्या घरांची आपसात बोलचाल नव्हती, ती एकमेकांची फरशी ओळखण्याच्या निमित्तानं बोलायला लागली. मला हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि पत्ता सांगताना लोक म्हणायचे, "आक्कांच्या फरशीनं सरळ या." माझं नाव काचेत ऊन लागून फिकं पडत होतं. आक्का मात्र येताजाता मला थांबवून, कुणी नवीन माणूस सोबत असला की हटकून म्हणायच्या, "नकाशा ह्या साहेबांचा हाय बरं का." असं त्यांनी म्हणावं म्हणून मी मुद्दाम त्यांच्या फिरण्याच्या वेळी फाटकात उभा राहायला लागलो, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

मागच्या वर्षी आक्कांचे गुडघे अगदीच थकले. मुलगी वाळूजच्या बजाजनगरला असते, कंपनीत कामाला. ती येऊन त्यांना घेऊन गेली. निघताना आक्का रिक्षात बसायला तयार नव्हत्या. गल्लीच्या शेवटापर्यंत चालत गेल्या, दर फाटकाशी थांबत. आमच्या फाटकाशी त्यांनी बायकोच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "पाणी साचतंय का बगत जा." मी पावसाळाभर बघत होतो. कुठं साचलं नाही. सांगायला कुणी नव्हतं.

मग एकदा बायको फोन ठेवून हसतहसत आली. "आक्कांनी तिथंही लोकांच्या गच्च्या धुंडाळायला सुरुवात केलीय."

मला हसू आलं नाही. आजवर मी आक्कांवर जळत होतो. त्या दिवसापासून बजाजनगरवर जळायला लागलो.

रविवारी 'वाळूजला साइटवर जाऊन येतो' असं सांगून निघालो. बायकोनं कोणती साइट विचारलं नाही. आक्कांसाठी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा तेवढा हातात दिला.

रो-हाऊसच्या रांगेत आक्का लांबूनच दिसल्या. दहा-बारा फरश्या बसवून झाल्या होत्या. शेजारी टोपी घातलेले एक गृहस्थ कागद घेऊन उभे होते.

"आलात व्हय, साहेब? लई बेस केलं," आक्का म्हणाल्या. माझा जीव सुपाएवढा झाला. मग त्या गृहस्थांकडं हात करून म्हणाल्या, "हे बी साहेबच हायेत. कंपनीत नकाशे काढायचे. ह्यो नकाशा ह्यांचा."

नकाशा कॉम्प्युटरवर काढलेला, रंगीत. झाडांना सावल्यासुद्धा होत्या. मी तो घेऊन वरून खाली, खालून वर बघितला, चूक शोधत. आणि मला ती सापडली.

"उतार उलटा दाखवलाय तुम्ही," मी म्हणालो, जरा मोठ्यानंच. "पाणी घरात येईल."

"नाही हो. मी लेव्हल घेतलीय," ते शांतपणे म्हणाले.

मी म्हणालो, येईल. ते म्हणाले, नाही येणार. आक्कांनी दोघांकडंही लक्ष न देता आतून तांब्याभर पाणी मागवलं, गुडघे धरून खाली बसल्या आणि पाणी फरशीवर ओतलं.

आम्ही तिघं बघत राहिलो. ज्यांची नावंही मला माहीत नाहीत त्या लोकांच्या उंबऱ्यापर्यंत पाणी जावं, अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो. पाणी थोडं पसरलं, घोटाळलं, आणि मग हळूहळू रस्त्याकडं निघालं.

"जातंय," आक्का म्हणाल्या.

मग उठण्यासाठी त्यांनी वर न बघताच हात पुढं केला. मी चटणीचा डबा दुसऱ्या हातात घेऊन झटकन वाकलो. त्या गृहस्थांचा हात आधी पोचला.