उंबऱ्याची चाल

आमचा जफीर गोड माणूस नाही. मी त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून त्याच्याच घरात राहून त्याच्याशी भांडते आहे, तेव्हा हे सांगायचा मला अधिकार आहे. आमच्या रोदोपीच्या डोंगरात गायदा वाजवणारे, म्हणजे कातड्याच्या पखालीत हवा फुंकून सूर काढणारे, पुष्कळ झाले, पण इतका तिरसट एकही नाही. बोकडाचं कातडं तो स्वतः कमावतो, केस आतल्या अंगाला ठेवून पखाल शिवतो, आणि तिला कुणी पिशवी म्हटलं तर त्या माणसाला जेवायला वाढायचं का नाही, याचा विचार करतो. संथ गाण्यावर पाहुण्यांनी टाळ्या धरल्या की मधेच थांबून विचारतो, "माश्या मारताय का?" तरी गावात मुलीचं लग्न ठरलं की माणसं आधी त्याच्याच दारात येतात. उंबऱ्याची चाल त्याच्यासारखी कुणाला येत नाही.

नवरी बापाच्या घरातून निघते तेव्हा ही चाल वाजते. एका मुलीसाठी एकदाच. दुसऱ्यांदा वाजवली तर मुलगी परत आली आणि पुन्हा घालवली, असा अर्थ होतो. म्हणून तिचा वाद्यावर सराव नाही. इतरांच्या लग्नांत कान देऊन ऐकायची आणि गुणगुणून बसवायची.

या सप्टेंबरात जफीरच्या नातीचं, सेव्दाचं लग्न झालं. नवरा प्लोव्दिव शहरातला. व्हिडिओवाला नवऱ्याकडच्यांनीच आणला होता.

सेव्दा उंबऱ्यावर आली. जफीरने पखाल काखेत दाबली. इतकं सुंदर वाजवताना मी त्याला कधी ऐकलं नाही, आणि हे त्याला मी मरेपर्यंत सांगणार नाही. सेव्दाचा बाप, जफीरचा मुलगा वेल्को, दाराची चौकट धरून उभा होता. चाल संपली तेव्हा त्याने चौकट सोडली आणि सेव्दा अंगणात उतरली.

"मस्त!" व्हिडिओवाला म्हणाला. "पण नवरीच्या तोंडावर सावली आली. आजोबा, पुन्हा एकदा घेऊ. तिला आत पाठवा."

आत पाठवा! उंबरा ओलांडून बाहेर आलेल्या नवरीला हा मेला आत पाठवा म्हणतो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझ्या आईला पाठव आत!" मी म्हणाले.

"नाही," जफीर म्हणाला. एवढंच.

नवरदेवाची आई पुढे आली. "अहो, पाच मिनिटांचं काम. एक गाणंच तर आहे."

"मग तुम्हीच गा, बाई," जफीर म्हणाला.

शेवटी सेव्दाच त्याच्याजवळ गेली. "आजोबा, माझ्यासाठी. माझं काय परत परत लग्न होणार आहे?"

"म्हणूनच तर!" जफीर एवढ्याने ओरडला की कोंबड्या पळाल्या. त्याने पखालीतून नळी उपसून काढली आणि सगळी हवा भसकन निघून गेली. आता वाजवायचं म्हटलं तरी वाजणार नव्हतं.

सेव्दाचं तोंड लाल झालं. "तुम्हाला माझ्यापेक्षा तो मेलेला बोकड प्यारा आहे," ती म्हणाली, आणि आजोबांच्या हाताचं चुंबन न घेता गाडीत जाऊन बसली.

महिन्याने व्हिडिओ आला. पडद्यावर आमच्या जफीरचे गाल फुगत होते आणि आवाज येत होता स्कॉटलंडच्या घागरेवाल्या पलटणीच्या बॅगपाइपचा! कुठून तरी उचलून चिकटवलेला. सोबत ढोल. त्या नालायकाला वाटलं, पखाल ती पखाल, कुणाला काय कळतंय! मी शिव्या घालत राहिले. जफीर लाकडं फोडायला गेला.

पण राग मला त्याचाही आला होता. पोरीने लग्नापासून फोन केला नव्हता.

"वाजवली असतीस तर आकाश कोसळलं असतं का रे?" मी विचारलं.

"कोसळलं असतं," तो म्हणाला.

परवा फोन वाजला. सेव्दा होती. "आत्तेआजी, आजोबा आहेत?"

मी फोनचा आवाज मोठा केला. जफीर आमच्याकडे पाठ करून घेवड्याच्या शेंगा सोलत बसला होता. वळला नाही.

"इथे सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहून टाळ्या वाजवल्या," सेव्दा म्हणाली. "मला लाज वाटली. ते माझं नाहीच. माझं असं होतं." आणि ती गुणगुणायला लागली.

उंबऱ्याची चाल. आवाज कापरा, पण बरोबर. जफीरचे हात थांबले. अर्ध्यात आल्यावर ती चाचरली आणि घाईने खालच्या सुरावर आली.

"चूक!" जफीर गरजला. शेंगा जमिनीवर. "तिथे उतरायचं नाही, गाढवे! तुझा पाय अजून उंबऱ्यावर आहे!"

तिकडे ती रडत होती की हसत होती, कळेना. "मग कधी उतरायचं, आजोबा?"

"बाप चौकट सोडेल तेव्हा." त्याने माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला. "पुन्हा म्हण. पहिल्यापासून."