बाईंची ओळख

कॅज्युअल्टीत शिरल्या की लेले बाई आधी डॉक्टरकडे चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "तू कुठल्या बॅचचा रे?" त्यावर चाळिशीतला, पोट सुटलेला डॉक्टर खुर्चीतून उठून उभा राहायचा. डोंबिवलीच्या शाळेत बाईंनी उभा जन्म मराठी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून आमच्या मंडळाच्या अँब्युलन्सवर यायला लागल्या. मी गाडी चालवायचो, त्या मागे पेशंटजवळ बसायच्या. दोघंही बिनपगारी.

मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, तरी माझ्या चुका काढायला त्यांना मुहूर्त लागत नसे. सायरन उगाच वाजवला की मागच्या काचेवर टकटक व्हायची. काउंटरवरच्या मुलीने "बेड नाही" म्हटलं की बाई म्हणत, "बाळ, पूर्ण वाक्यात उत्तर दे. इथे नाही, तर कुठे आहे?" ते पूर्ण वाक्य बहुतेक वेळा एकच असे, ठाण्याला न्या. मग शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये पुढचा हलत नाही आणि मागचे बाइकवाले आपल्या आडोशाने घुसू बघतात. त्या रस्त्यावर मी इतक्या शिव्या दिल्या आहेत, की मागे मराठीच्या बाई बसल्या आहेत याचंही भान राहायचं नाही.

पुष्कळदा मात्र एखादा जुना विद्यार्थी निघायचा आणि नसलेला बेड सापडायचा. आम्ही खूश, बाईंचं डोकं फिरलेलं. "आज पुन्हा ओळखीवर झालं," असं म्हणून चहा तसाच ठेवायच्या. ज्याची कुणाशीच ओळख नाही त्याने काय करायचं, हा त्यांचा प्रश्न. पेशंट आत गेला ना, मग सोडा की, असं मी म्हणायचो. त्या सोडत नसत. झालेल्या कामाचं सुतक पाळणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही आणि मला त्याचा भयंकर राग यायचा.

एकदा भर दुपारी टिटवाळ्याला परांचीवरून पडलेला गवंडी घेऊन आम्ही कल्याणला आलो. बेड नव्हताच. आतल्या डॉक्टरला बाईंनी ओळखलं, ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं. पण त्या गप्प, चारचौघांसारख्या काउंटरपाशी उभ्या. माझा तोल गेला. "बाई, माणूस मरतोय आणि तुम्ही परीक्षा कसली घेताय?" असं म्हणून मीच आत जाऊन त्यांचं नाव सांगितलं. डॉक्टर धावत आला. "बाई, आधी सांगायचं ना."

"मी सांगितलं असतं रे. पण या गवंड्यानं काय सांगायचं होतं?"

गवंडी वाचला. आम्ही डोंबिवलीला परतलो. गाडीतून उतरताना त्या म्हणाल्या, "तू केलंस ते बरोबर. माझंच चुकलं. पण प्रश्न चुकलेला नाही."

गेल्या वर्षी बाईंच्याच छातीत कळ आली. खुर्चीत बसवून त्यांना जिन्याने खाली आणलं. गाडीत त्यांनी बजावलं, "माझं नाव सांगायचं नाही." काउंटरवर नेहमीचं उत्तर मिळालं. मी क्षणभरही थांबलो नाही, लेले बाई आहेत म्हणून मोठ्याने सांगितलं. दोन डॉक्टर धावत आले आणि बाई थेट आयसीयूत गेल्या. आजही मी तेच करीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायला गेलो. त्यांना बोलायला धाप लागत होती.

"बेड कसा मिळाला?"

मी सांगितलं. वाटलं, आता रागावतील.

"माझ्या आधी कोण होतं?"

बाकावर एक म्हातारा छाती धरून बसला होता. त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, इथे तुमची कुणाशी ओळख आहे का हो? हेही मी सांगितलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"जा, त्यांचं काय झालं बघून ये."

खाली गेलो. म्हाताऱ्याला कालच ठाण्याला पाठवलं होतं, पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. हे बाईंना कुठल्या तोंडाने सांगायचं, या विचारात जिन्यावर रेंगाळलो. वर आलो तेव्हा पडदा ओढलेला होता आणि डॉक्टर त्यांच्या छातीवर दाब देत होते. त्याचा उपयोग झाला नाही.

दुपारी सामान न्यायला गेलो, तर त्या बेडवर दुसरा पेशंट होता. कुणाच्या ओळखीचा, हे मी विचारलं नाही.