बाहेरची कडी

माझ्या व्हॅनच्या सरकत्या दाराला एक सवय आहे. ते नीट लागलं की दोनदा बोलतं, आधी वरून 'खट्' आणि मग खालून 'टक्'. ते खालचं 'टक्' आलं नाही तर दार लागलेलं नसतं, नुसतं लागल्यासारखं दिसतं. सोलापुरात शाळेची पोरं ने-आण करायला लागल्यापासून माझा एक कान कायम त्या आवाजावर असतो. लोक विचारतात, बाईमाणूस असून गाडी चालवायची भीती वाटत नाही का? गाडीची नाही वाटत. दाराची वाटते.

एकदा विजापूर रोडच्या आतल्या गल्लीत गतिरोधकावरून गाडी जरा उडाली आणि दार आपलं आपण मागे सरकलं. कुणी पडलं नाही, कारण दाराशी बसणारी पोर त्या दिवशी तापाने घरी होती. मी गाडी बाजूला घेतली, दार ओढून लावलं आणि पोरांना म्हणाले, काही नाही झालं. घरी येऊन नवऱ्याला मात्र सगळं सांगितलं.

नवरा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वेल्डर होता. डोळे अधू झाले म्हणून काम सोडलं, पण हातातली कला कुठे जाते? त्यांनी दार दोन-चार वेळा सरकवून बघितलं, कान लावला आणि म्हणाले, "ह्ये कुलूप मोठ्या माणसांसाठी केलंय. पोरांसाठी न्हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाराच्या बाहेरून एक जाडजूड लोखंडी कडी बसवली. दांडी सरकवली की दार जागचं हलायचं नाही. मी म्हटलं, "बोल्टनं बसवा की, उद्या काढायची झाली तर?" तर म्हणाले, "बोल्ट ढिला होतोय. वेल्डिंग ढिलं होत न्हाय." त्यांचा स्वभावच तसा, जोडायचं ते कायमचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या स्वभावाबद्दल माझी तक्रार नाही. पण गाडीचं तसं नसतं, हे आम्हाला दोघांनाही उशिरा कळलं.

यंदा उन्हाळ्यात व्हॅनचं पासिंग आलं. गाडी रस्त्यावर चालवायला धडधाकट आहे असा सरकारी दाखला, त्याला आम्ही गाडीवाले पासिंग म्हणतो. शाळा उघडायच्या आत तो हातात पडला नाही, तर माझी पोरं दुसऱ्या कुणाच्या तरी रिक्षात कोंबली जाणार होती. पालकांनी मला तसं तोंडावर सांगितलं होतं.

पासिंगच्या मैदानावर सावलीला एक बाभळसुद्धा नाही. तापलेल्या गाड्यांची रांग आणि तापलेली माणसं. पहिल्या फेरीला माझी गाडी नापास झाली ती मागच्या चमकत्या पट्टीपायी. पट्टी होती, लाल होती, चमकतही होती. पण 'ही चालत नाही.' कुठली चालते? 'ती बघा तुम्ही.' पट्टी बदलून गेले, तर वायपर लावायला सांगितला. सोलापूरचा मे महिना, आभाळाकडे बघितलं तरी डोळे पोळतात, आणि माझा वायपर कोरड्या काचेवर किंचाळत अर्ध्यापर्यंत गेला आणि अडकला. नापास. वायपर नवा घालून गेले, तर 'स्कूल व्हॅन' ही अक्षरं फिकी झालीत म्हणे. अहो, पहिल्या फेरीलाही ती तेवढीच फिकी होती! सगळे दोष एकदम सांगितले तर यांच्या बापाचं काय जातं, असं मी मोठ्याने म्हणाले. ऐकू गेलं असावं, पण कुणी मान वर केली नाही.

फाटकाशी छत्री लावून एक एजंट बसायचा. माझी प्रत्येक फेरी तो बघत होता. शेवटी तो म्हणाला, "अक्का, एकट्यानं कशाला घाम गाळता? माझ्यामार्फत या की. गाडी बघायची बी गरज पडत न्हाय." त्याने हे इतक्या प्रेमाने सांगितलं की मला उन्हात थंडी वाजल्यासारखं झालं. समोरच्या रांगेत किती गाड्या अशा होत्या, ज्यांच्याकडे कुणी बघणारच नव्हतं? शाळा उघडली की त्या सगळ्या माझ्या पोरांच्या आजूबाजूने धावणार होत्या.

मी त्याच्यामार्फत गेले नाही. अक्षरं रंगवून पुन्हा रांगेत लागले. या वेळी तपासायला एक तरुण साहेब होते, नवीन बदलून आलेले. आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी गाडीभोवती खरोखर एक चक्कर मारली, वाकून चाकं बघितली, दिवे बघितले. मला बरं वाटलं. मग ते सरकत्या दारापाशी थांबले आणि त्यांनी कडीवर बोट ठेवलं.

"ताई, हे काय?"

"कडी हाय साहेब. दार उघडू नये म्हणून."

"हे चालणार नाही. दार आतून उघडलं पाहिजे. मागे गॅसची टाकी आहे तुमच्या. आग लागली तर मुलं बाहेर कशी येणार?"

"आणि दार उघडलं तर? एकदा उघडलंय साहेब, चालत्या गाडीत."

"दार कंपनीचं आहे ताई. कंपनीने तपासूनच दिलेलं असतं. कडी काढून आणा."

तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीला आग लागलेली मी उभ्या जन्मात बघितली नव्हती, दार उघडलेलं मात्र बघितलं होतं. त्यांना दार सरकवून दाखवते म्हटलं, ते खालचं 'टक्' ऐका म्हटलं. ते पुढच्या गाडीकडे वळले होते.

पुढची गाडी माझ्यासारखीच व्हॅन होती. त्याच कंपनीची, तसलंच दार. तिच्या दाराला चार भोकं होती, ताजी, कडांना तेलाचा ओशटपणा. साहेबांनी भोकं बघितली, मला खात्री आहे. भोकाला नियम नसतो. गाडी पास झाली.

तिचा मालक पूर्व भागातला, विणकरांच्या घरातला. मी बघतच राहिले तसा तो हसला. समोरचा कप्पा उघडून त्याने फडक्यात गुंडाळलेली कडी आणि चार बोल्ट मला दाखवले. म्हणाला, "अक्का, वेल्डिंग कुणी करतंय व्हय? कडी बोल्टचीच बसवायची. पासिंगला काढायची, फाटकाबाहेर गेलं की लावायची. आमची सगळी गाडीवाल्यांची लाईन असंच करती."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्याची कडी काढून ठेवायची होती, म्हणून ती वाचली. आमची कायमची होती, म्हणून तिला दोष.

शाळा उघडायला वेळच उरला नव्हता. नवऱ्याने अंगणात ग्राइंडर लावला. ठिणग्या उडत होत्या, मी पदराने तोंड झाकून उभी होते. कडी खाली पडली तेव्हा दारावर वितळल्याचे दोन काळे डाग राहिले. त्यांनी ते पॉलिश करायचा प्रयत्न केला, निघाले नाहीत. "रविवारी गाडी मोकळी असली की भोकं पाडून बोल्टची लावू," म्हणाले.

गाडी पास झाली. रीतीप्रमाणे मी नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवून चिरडली. एक लिंबू चाकाखालून सटकलं आणि अख्खंच्या अख्खं गटारीत गेलं. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी ते लिंबू कुठवर गेलं ते मी वाकून बघितलं.

शाळा सुरू झाली. दाराशी बसायचा मान बालवाडीतल्या एका चिमुरडीचा. वारा लागतो म्हणून तिला तीच जागा लागायची, दुसरीकडे बसवलं तर भोंगा पसरायची. दुपारी परतताना ती दाराला गाल लावून झोपायची. सगळा भार दारावर. मी आठवीतल्या थोरल्या पोरीला तिच्याशेजारी बसवलं आणि सांगितलं, हिला धरून बस, काहीही झालं तरी सोडायची नाही. पोरगी गंभीर झाली. "काय होणार हाय मावशी?" मी म्हटलं, काही नाही.

पण गाडी चालवताना माझं मन रस्त्यावर नव्हतं. पोरं गाणी म्हणायची, मी ओरडायची, गप्प बसा. त्यांना वाटायचं मावशीला काहीतरी झालंय. दर गतिरोधकाला मी गाडी जवळजवळ थांबवायची आणि मागचे हॉर्न मारून मारून शिव्या घालायचे. आतल्या आरशात मला ती झोपलेली मान दिसायची आणि बाजूच्या आरशात दारावरचे ते काळे डाग. रविवार आणखी लांब वाटायला लागला होता.

तो शुक्रवार होता. आसरा चौकातून वळताना एक दुचाकी आडवी आली. मी ब्रेक दाबला. वरचं 'खट्' सुटल्याचा आवाज आला आणि एकदम वाऱ्याचा झोत आत शिरला. दार उघडलं होतं. मागून मालाचा टेम्पो येत होता. मी आरशात बघितलं, तर दाराशी ती जागा मोकळी.

टेम्पोच्या चाकाखाली काहीतरी फुटलं. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

फुटली ती पाण्याची बाटली होती. गुलाबी, ससा असलेली. थोरलीने चिमुरडीला युनिफॉर्मच्या पट्ट्याला धरून आपल्या अंगावर ओढून घेतलं होतं, इतकं घट्ट की तिच्या बोटांना वळ उठले. चिमुरडी पुरती जागीही झाली नव्हती. डोळे चोळत बाटली मागत होती. मी रस्त्यात उतरले, दार लावलं, 'टक्' ऐकलं, आणि मग तिथेच दाराला टेकून रडले. टेम्पोवाला उतरून आला होता, पण भांडला नाही. त्याने चपटी झालेली बाटली उचलून माझ्या हातात दिली आणि निघून गेला.

त्याच दुपारी नवऱ्याने भोकं पाडली. चार बोल्ट, जाड वायसर, नवी कडी. मी बाजूला उभी राहून म्हणाले, आणखी घट्ट, आणखी. आता आमचीही गाडी बाकीच्यांसारखी झाली. पुढच्या पासिंगला कडी फडक्यात जाईल, भोकं पास होतील आणि साहेबांचं काम साहेबांनी केलेलं असेल.

सोमवारी सगळी पोरं बसल्यावर मी दार ओढलं. खट्, टक्. मग बाहेरून दांडी सरकवली. कित्येक दिवसांनी मला मोकळा श्वास आला. चिमुरडी खिडकीतून मान वाकवून कडी बघत होती. तिच्या गळ्यात नवी बाटली होती. शाळेत त्यांना आगीच्या वेळी कसं रांगेत बाहेर पडायचं ते नुकतंच शिकवलं होतं, आणि ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"मावशी, हे आतून कसं उघडायचं?"

"आतून नाही उघडायचं. मी आहे ना बाहेरून उघडायला."

तिने माझ्याकडे बघितलं, मग स्टिअरिंगकडे बघितलं.

"पण तू तर आतच बसतीस की."

थोरलीनेही मान वर केली. माझा हात अजून दांडीवर होता. त्या तरुण साहेबांनी हेच विचारलं होतं, आणि मी त्यांना मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या. शाळेची वेळ होत होती, म्हणून मी दांडी तशीच ठेवली, पुढे येऊन बसले आणि गाडी सुरू केली.