गाळलेला सतरावा नमुना

पेशींना ताजं खाद्य घालून झालंय. दुपारचे तीन वाजलेत. दहाच मिनिटं म्हणून हेमांगी प्रयोगशाळेतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर डोकं टेकते. मागे इन्क्युबेटर घुमतोय. त्याच्या उबेत कॅन्सरच्या पेशंटांच्या गाठींतून काढलेल्या पेशी वाढतायत. काचेवर सपाट पसरून नव्हे, तर मऊ जेलमध्ये रुजून, खसखशीएवढे गोळे होऊन, शरीरात वाढतात तशाच. घुमण्याचा आवाज लांब जातो आणि कुठल्याशा वर्गातल्या पंख्याचा होतो.

बाकांवर मुलं नाहीत, काचेच्या तबकड्या आहेत. त्यांच्यामधून कुमुदिनी रेठरेकर फिरतायत. कराडच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई. त्यांना जाऊन चौदा महिने झाले, हे हेमांगीला पक्कं ठाऊक आहे, पण तसं म्हणायची हिंमत होत नाही. त्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हेमांगी गाठ संशोधनाला वापरायची संमती घ्यायला गेली होती. बाईंनी सगळी पानं वाचली, शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या आणि मगच सही केली. गाठीचा मला काही उपयोग नाही मॅडम, तुम्हाला तरी होऊ दे, असं म्हणाल्या होत्या.

आता त्या अहो-जाहो करत नाहीत.

"यातली मी कुठली?"

हेमांगी शेवटच्या बाकाकडे बोट दाखवते. बाई वाकून बघतात आणि नाक मुरडतात.

"एवढी सुबक मी जन्मात नव्हते."

हेमांगी घाईघाईनं समजावू लागते. सपाट वाढवलेल्या पेशी औषधानं चटकन मरतात, म्हणून खरी परीक्षा या गोळ्यांवरच. नव्या औषधानं सोळा जणांचे गोळे पार विरघळले. बोलता बोलता तिला कळतं, की ती फळ्यासमोर हात मागे बांधून उभी आहे.

"आणि सतरावा?"

सतरावा बाईंचा. त्याचं वरचं साल गळून पडलं, गाभा मात्र जिवंत राहिला आणि आठवड्यात पुन्हा फुगला. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. मग हेमांगीनं "नमुन्यात दोष" असं लिहून तो गाळला. संशोधनाचा लेख उद्या छापायला पाठवायचाय.

फळा आता इस्पितळाची भिंत झालाय. बाई पलंगावर बसल्यात, डोक्यावर एक केस नाही, पण नजर तीच.

"दोष होताच माझ्यात. नसता तर मेले कशाला असते?"

एका नमुन्यानं निष्कर्ष बदलत नाही, असं प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सरही म्हणाले, हेमांगी पुटपुटते. सरांनाही झोप लागू दे, मग त्यांच्याशी बोलते, असं बाई सांगतात.

"कॉपी करणारी पोरं पुष्कळ पाहिली मी. न सुटलेलं गणित पानासकट फाडून सगळी बरोबर आली म्हणणारी फार थोडी. त्यांची मला कीव यायची. तुझी तेवढीसुद्धा येत नाही."

हेमांगीला रडू येतं. निदान आता तरी बाई विरघळतील असं तिला वाटतं. बाई तिचं मनगट धरतात आणि फरफटत तबकडीपाशी नेतात.

"मेलेलं मोजत बसलीस. जे मेलं नाही ते बघ."

हेमांगी जागी होते. तीन वाजून वीस मिनिटं झालीत. ती उठून तोंड धुते, कॉम्प्युटर उघडते आणि सतराव्या नमुन्याचे फोटो पुन्हा रांगेत बसवते. देखणा आलेख बिघडतो. मग सरांना फोन करून लेख उद्या जाणार नाही म्हणून सांगते. ते बराच वेळ चिडून बोलतात आणि फोन ठेवून देतात.

कामाला लागायचं म्हणून ती हातमोजा चढवायला जाते आणि थांबते. डाव्या मनगटावर ओळीनं चार नखं रुतल्याच्या खुणा आहेत, लालभडक. ती स्वतःच्या उजव्या हाताची बोटं त्यांवर ठेवून बघते. हातमोजे फाटू नयेत म्हणून तिची नखं नेहमीच पार मुळापर्यंत कापलेली असतात.