खराटा न फिरवलेला तुकडा

गावात त्याला सगळे ‘आरसेवाला’ म्हणत. आरशांचं दुकान वगैरे काही नव्हतं, साधा गवंडी होता. पण त्याने घोटलेल्या जमिनीत वाकून बघितलं तर आपलंच नाक दिसतं, अशी ख्याती होती. ती ऐकली की स्वारीची मान ताठ व्हायची.

त्याचा थोरला भाऊ शिंपी. घरापासून दुकानापर्यंतचा फूटपाथ दवाखान्याच्या कोपऱ्यावर एकदम संपे आणि थोडं पुढे पुन्हा सुरू होई. मधल्या जागेत माणसाने रस्त्यावर उतरायचं आणि जीव मुठीत धरून चालायचं. तिथेच थोरल्याला एका टेम्पोने उडवलं. जीव वाचला, पण पाय अधू झाला, हाती कुबडी आली. त्याहून वाईट म्हणजे माणूस घरात बसला. दुकान बंद, बोलणं बंद.

वहिनी एकदा म्हणाली, “भाऊजी, हे जेवतात, झोपतात, पण घरात असून नसल्यासारखे आहेत हो.”

ते वाक्य आरसेवाल्याच्या जिव्हारी लागलं. फूटपाथमधल्या अशा तुटक जागा भरायचं नगरपालिकेने काढलं, तेव्हा त्याने बंगल्यांची कामं सोडून हे काम मागून घेतलं. भावाला सांगितलं, रस्त्यावर पाऊल न टाकता तू दुकानात जाशील, ते माझ्याकडे लागलं. थोरला दुकानाची किल्ली शोधायला लागला.

कोपऱ्यावरचा तुकडा भरला त्या दिवशी मुकादमाने बजावलं, की ओल्या काँक्रीटवर खराटा फिरवा, वरचा थर खरबरीत राहू दे. झालं, याचं डोकं फिरलं. आपल्या कामावर खराटा? तेही सख्ख्या भावासाठी केलेल्या? मुकादमाची पाठ वळताच याने थापी उचलली आणि तो तुकडा घोटत बसला. इतकं देखणं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं.

थोरला निघाला त्या सकाळी कुणीतरी दवाखान्याच्या दारासमोर, त्याच घोटलेल्या तुकड्यावर पाणी मारलं होतं. कुबडीचं टोक सटकलं आणि तो सगळ्यांदेखत आडवा झाला. हाडं शाबूत राहिली, उमेद गेली. त्याने धाकट्याकडे बघितलंसुद्धा नाही. वहिनीने हाताला धरून घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी मुकादम तावातावाने आला, तर आरसेवाला गुडघे टेकून, छिन्नी-हातोडा घेऊन आपल्याच कामावर टाचे मारत, गुळगुळीत थर खडबडीत करत होता. मुकादमाला शिव्या द्यायचीही सोय राहिली नाही.

धाकटा स्वतःचं काम फोडतोय ही बातमी घरी पोचली. ते मात्र थोरल्याला बसून ऐकवेना. कुबडी टेकत तो कोपऱ्यापर्यंत आला. खाली सगळा खडबडीत, चेचलेला थर होता.

“काय केलंस हे?” तो म्हणाला. “तुझ्या हाताला शोभत नाही.”

“हाताचं राहू दे, दादा. तू पाय टाक.”

थोरल्याने कुबडी त्या टाच्यांवर रोवली, जोर देऊन पाहिली. ती हलली नाही. तो एकेक पाऊल टाकत पलीकडे पोचला आणि दुकानाच्या दिशेने वळला, तेव्हा आरसेवाला मान खाली घालून रडत होता, आणि छिन्नी चालूच होती.