लिफ्टमावशींचं स्टूल

सहा मजल्यांच्या सरकारी कचेरीत लिफ्टमावशींनी बावीस वर्षं माणसं वरखाली केली, तीही उभ्याने. उजवा गुडघा भिंतीला टेकवायचा आणि बटणं दाबायची. पत्र्यावर गुडघ्याएवढा गोल डागच पडला होता. कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न मोडलं, सगळं मावशींना तिसरा मजला यायच्या आत कळायचं. मिळत नव्हतं ते फक्त एक स्टूल.

नियम असा होता: ‘कारकून, टंकलेखक आदी कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय करावी.’ बडे साहेब म्हणाले, “आदी म्हणजे टेबलावर काम करणारे. तुम्ही त्यात बसत नाही.”

“बसत नाही, हीच तर तक्रार आहे, साहेब,” म्हणून मावशींनी थेट कोर्ट गाठलं.

वकील घरचीच, बहिणीची मुलगी. कायद्याची परीक्षा तिने मावशींच्या ओट्याशी घोकून पास केलेली, त्यामुळे भाजी चिरता चिरता राज्यघटनेचं पहिलं पान मावशींनाही पाठ. खालच्या कोर्टात हरल्या, पण तोंड पाडतील त्या मावशी कसल्या! उलट नवऱ्याला, म्हणजे शिंपीकाकांना, गादी शिवायला बसवलं.

“अगं, स्टुलाचा पत्ता नाही आणि गादी कसली?”

“चौदा इंच, गोल. कोपऱ्यात तेवढीच मावते. शिवा गुपचूप.”

वरच्या कोर्टात भाचीने राज्यघटनेचं पहिलं पान घडाघडा म्हणून दाखवलं. सरकारी वकील तावातावाने म्हणाले, “न्यायमूर्तींनी नियम वाचावा. पहिल्या पानावरची ध्येयं शोभेची असतात.”

न्यायमूर्तीबाईंनी चष्मा काढला. “प्रत्येकाच्या प्रतिष्ठेचं वचन कुणी शोभेसाठी देतं का? नियमाने ‘आदी’ म्हणून दार उघडं ठेवलंय. आत कुणाला घ्यायचं, हे ठरवताना मी ते वचनच बघणार. ‘लिफ्टवाले सोडून’ असं नियमात असतं, तर मला वेगळा विचार करावा लागला असता. आहे का तसं?”

सरकारी वकील कागद चाळत राहिले. मावशी भाचीच्या कानाशी लागल्या, “तू मध्ये एक ओळ गाळलीस हं. बाईंना येत होती म्हणून निभावलं.”

आठवड्याने स्टूल आलं. बाराच इंची निघालं. गादी चहूकडून बाहेर. काकांना हसायला निमित्तच मिळालं.

पहिले आले बडे साहेब. मावशी उठतील म्हणून क्षणभर दारातच थांबले.

“या ना, साहेब, भरपूर जागा आहे. कितवा?”

“सहावा.”

मावशींनी बसल्या बसल्या बटण दाबलं.